बोलण्याच्या परीक्षेचं पुस्तक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी. व्याप्ती

पुस्तक फक्त आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या भागावर काढायचं ठरलं. पीटीई आणि टोफेल या तशाच दुसऱ्या परीक्षा या आवृत्तीत घेणार नाही. त्या परीक्षांत मायक्रोफोनशी बोलायचं असतं, आयईएलटीएसमध्ये परीक्षकाशी. यंत्रासमोर ठरलेल्या सेकंदात थांबायची तयारी वेगळी आणि माणसाच्या पुढच्या प्रश्नाला सामोरं जायची तयारी वेगळी. दोन्ही एका पुस्तकात घातल्या तर दोन्ही अर्धवट राहतील.

वाचक असा धरला आहे : मराठी माध्यमातून शिकलेला, इंग्रजी वाचून समजणारा, कामापुरतं लिहिणारा, पण सलग दोन मिनिटं इंग्रजीत न बोललेला. आज त्याला साडेपाच-सहा बँड (गुणांची पायरी) मिळतो आणि हवा असतो सात. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला बोलण्यात ७ लागतो. कॅनडाच्या भाषा-मोजणीत सीएलबी ९ म्हणजे बोलण्यात ७. म्हणून सगळं पुस्तक ६ ते ७ या एका पायरीसाठी. ज्याला साधं वाक्य जुळवता येत नाही त्याच्यासाठी हे पुस्तक नाही. हे मलपृष्ठावर स्पष्ट छापायचं, म्हणजे त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

९ जानेवारी. परीक्षेचा आराखडा

पहिल्या प्रकरणाला चारच पानं. एकूण वेळ ११ ते १४ मिनिटं. पहिला भाग ४-५ मिनिटांचा : ओळख, घर, काम किंवा शिक्षण, मग एक-दोन रोजचे विषय. दुसरा ३-४ मिनिटांचा : विषय आणि मुद्दे छापलेलं कार्ड, एक मिनिट तयारी, एक ते दोन मिनिटं बोलणं. तिसरा ४-५ मिनिटांचा : दुसऱ्या भागाच्याच विषयावर व्यापक चर्चा. ॲकॅडमिक आणि जनरल या परीक्षेच्या दोन्ही प्रकारांना बोलण्याची परीक्षा एकच.

गुणांचे चार निकष : प्रवाह आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही समान वजनाचे. ७, ६, ६, ७ मिळाले तर साडेसहा. यातून वाचकाला कळायला हवं की फक्त शब्द पाठ करून सात गाठता येत नाही, तीन-चतुर्थांश गुण इतर ठिकाणी आहेत.

कशाला गुण नाहीत हेही पहिल्याच प्रकरणात हवं. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. सांगितलेली हकिकत खरी असण्याला गुण नाहीत. इंग्रजांसारख्या लकबीला गुण नाहीत, ऐकणाऱ्याला सहज कळण्याला आहेत. मराठी वाचकाची निम्मी भीती या तीन वाक्यांनी जाते.

निकषांचा अधिकृत तक्ता पुस्तकात जसाच्या तसा छापायचा नाही, तो त्यांच्या मालकीचा मजकूर आहे. आपल्या शब्दांत समजावायचा आणि मूळ तक्ता अधिकृत संकेतस्थळावर बघायला सांगायचं.

१५ जानेवारी. नमुना उत्तरं काढून टाकली

पहिल्या आराखड्यात शंभर नमुना उत्तरं होती. ती सगळी काढली. बाजारातल्या पुस्तकांचा तोच मुख्य माल असतो, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो.

पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला ऐकूनच कळतं. बोलण्याचा वेग अचानक वाढतो, चढउतार सपाट होतो, नेहमीच्या शब्दांत मध्येच दोन जड शब्द येतात आणि पुढचा साधा प्रश्न आला की गाडी पुन्हा अडखळते. दोन वेगवेगळी माणसं बोलल्यासारखं वाटतं. शिवाय तिसरा भाग पाठ करताच येत नाही, तिथे प्रश्न आधीच्या उत्तरातून निघतात.

त्याऐवजी चाळीस कार्डं, सगळी स्वतः रचलेली. त्यांपैकी आठ कार्डांवर पूर्ण काम : टिपण, बोलण्याचा क्रम, अडणाऱ्या जागा आणि त्याच विषयावरचे तिसऱ्या भागाचे सहा प्रश्न. उरलेल्या बत्तीस कार्डांना फक्त टिपणाची रिकामी चौकट. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून सांगितलेले प्रश्न छापायचे नाहीत. विषय बदलत राहतात, त्यामुळे तसं पुस्तक लवकर शिळं होतं आणि परीक्षेच्या गोपनीयतेलाही ते धरून नाही.

मुखपृष्ठावर परीक्षेचं नाव कशाबद्दलचं पुस्तक आहे एवढं सांगण्यापुरतं. बोधचिन्ह आणि त्यांची रंगसंगती घ्यायची नाही. परीक्षेच्या मालक संस्थांशी या पुस्तकाचा संबंध नाही, हे वाक्य दुसऱ्या पानावर.

२३ जानेवारी. ‘एक मिनिट’ प्रकरण

पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हेच. साठ सेकंदांत पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की तिसऱ्या वाक्यावर वेळ संपतो आणि मग कागद वाचून दाखवला जातो. मर्यादा : आठ ते दहा सुटे शब्द. टिपणाला गुण नसतात, कागद परीक्षक परत घेतो, त्यामुळे अक्षर आणि स्पेलिंगकडे लक्ष द्यायचं नाही.

नमुना कार्ड : ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागलेला प्रवास. कुठे निघाला होतात, कधी, वेळ का लागला, आणि तेव्हा काय वाटलं. टिपण : माणगाव, जुलै, एसटी, ताम्हिणी, दरड, पाच तास, चहा, अनोळखी आजी, पहाट. एवढ्या शब्दांवर दोन मिनिटं निघतात. सामान्य वेगाने दोन मिनिटांत साधारण अडीचशे शब्द होतात. ही संख्या पुस्तकात द्यायची, कारण वाचकाला दोन मिनिटं म्हणजे किती याचा अंदाज नसतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक : कार्डावरचे चार मुद्दे चार वाक्यांत उरकायचे आणि चाळीस सेकंदांत गप्प बसायचं. उपाय म्हणून वेळेची वाटणी. कुठे आणि कधी यांना मिळून २० सेकंद, प्रसंगाच्या सुरुवातीला २५, ‘का’ या मुद्द्याला ५०, वाटलेल्या भावनेला २५. ‘का’ला सर्वांत जास्त, कारण कार्यकारण तिथेच सांगावं लागतं आणि लांब, जोडलेली वाक्यं आपोआप येतात. दोन मिनिटं झाल्यावर परीक्षकाने मध्येच थांबवलं तर ते वाईट लक्षण नाही, हेही लिहायचं. पुष्कळ जण तिथे खचतात आणि तिसरा भाग घालवतात.

मराठीतून येणारा एक खास धोका या प्रकरणात घेतला. आपण गोष्ट सांगताना भूतकाळातून वर्तमानात सहज घसरतो : ‘आम्ही निघालो, घाटात येतो तर काय, पुढे रस्ताच नाही.’ मराठीत हे जिवंत वाटतं. तीच सवय इंग्रजीत आली की एका वाक्यात ‘वेंट’ आणि पुढच्यात ‘कम’, आणि व्याकरणाच्या निकषावर काळाची गल्लत दिसते. सराव : तीच हकिकत फोनवर ध्वनिमुद्रित करायची, ऐकताना फक्त क्रियापदं कागदावर उतरवायची, वर्तमानातली असतील त्यांभोवती गोल करायचा. बाकी काही तपासायचं नाही.

३ फेब्रुवारी. मराठी वाक्याच्या सावल्या

व्याकरणाची सामान्य उजळणी टाळली, तिच्यासाठी चांगली पुस्तकं आहेत. इथे फक्त मराठी वाक्यरचनेतून इंग्रजीत उतरणाऱ्या चुका. प्रत्येक चुकीला अर्धं पान : मराठी वाक्य, त्यातून निघालेलं इंग्रजी, सुधारलेलं इंग्रजी आणि तोंडी करायची सहा वाक्यं.

‘पाच वर्षांपासून’ हे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं, हवं ‘फॉर फाइव्ह इयर्स’. मराठीत ‘पासून’ कालावधीलाही चालतं आणि आरंभबिंदूलाही, इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. ‘काल भेटलोय त्याला’ मधून ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ येतं, ‘काल’ म्हटलं की ‘हॅव’ निघायला हवं. ‘तिथेच’ मधला च ‘देअर ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी बसतो. ‘एक माणूस होता’ चं ‘वन मॅन’ होतं. आर्टिकलांची चूक म्हणून ती कोणी शिकवत नाही, पण आहे तिथलीच. ‘परीक्षा देणे’ मधून ‘गिव्ह’ येतं, हवं ‘टेक’.

जर-तर वेगळं पान मागतं. ‘पाऊस आला तर मी जाणार नाही’ या वाक्यात मराठी ‘आला’ हे भूतकाळी रूप वापरते, पण अर्थ पुढचा. त्यावरून ‘इफ इट रेन्ड, आय विल नॉट गो’ तयार होतं. तिसऱ्या भागात ‘सरकारने असं केलं तर’ छापाचे प्रश्न हमखास येतात, म्हणून ही चूक तिथे पुन्हा पुन्हा ऐकू येते. सहाऐवजी बारा वाक्यं दिली.

आणि ‘म्हणजे’. मराठी माणूस विचार करताना ‘म्हणजे’ म्हणतो, इंग्रजीत तो ‘मीन्स’ म्हणून वाक्याच्या तोंडाशी येतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला तिथे व्याख्या येणार असं वाटतं आणि येत नाही. पर्याय तीनच दिले आहेत : ‘आय मीन’, ‘वेल’, किंवा सरळ अर्ध्या सेकंदाची शांतता. थोडा थांबा चालतो, दर वाक्याला थांबा नाही.

‘कझिन ब्रदर’, ‘नेटिव्ह प्लेस’ अशा भारतीय इंग्रजी प्रयोगांवर प्रकरण लिहायला घेतलं होतं, ते थांबवलं. त्यांनी फारसं बिघडत नाही. वाचकाची शक्ती काळ आणि आर्टिकलांवर खर्च व्हावी.

१२ फेब्रुवारी. उच्चार

उत्तर भारतीय वाचकांसाठीच्या पुस्तकांतली यादी इथे उचलून चालणार नाही. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ ही अडचण मराठी तोंडाला नाही, ‘स्कंध’, ‘स्तर’, ‘स्टेशन’ आपण सरळ म्हणतो. ‘झ़ू’ मधला ध्वनीही ‘जमीन’, ‘जहाज’ मध्ये जवळपास आहेच. ॲ आणि ऑ तर लिपीतच आहेत. एवढं भांडवल जमा आहे, ते आधी वाचकाला दाखवायचं.

खरी अडचण पहिली : ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत उच्चारात एकच स्वर असलेल्या, व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांत इ-उ लांबतात : खीर, वीट, मूल, फूल. ही सवय इतकी पक्की की दुकानदार बिलावर ‘बील’ लिहितो. म्हणून ‘शिप’ चं ‘शीप’, ‘फिल’ चं ‘फील’, ‘लिव्ह’ चं ‘लीव्ह’ होतं. चूक जवळजवळ नेहमी आखूडाकडून लांबाकडे जाते, म्हणून सरावही एकाच दिशेचा : आखूड स्वर तोडून म्हणायचा. शब्दांच्या चोवीस जोड्या.

दुसरी : व आणि व्ह. मराठी छपाईत ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असा फरक आधीच आहे आणि तो उपयोगी आहे. पण ‘व्ह’ वाचताना ह चा श्वास मिसळतो आणि ‘व्हेरी’ घोगरं होतं. पुस्तकात हीच लेखनपद्धत ठेवायची, मात्र पहिल्याच वापराला सूचना : व्ह ला वरचे दात खालच्या ओठावर, ह चा श्वास मिसळायचा नाही, व ला दात लागू द्यायचे नाहीत, शिट्टीसारखे ओठ गोल.

तिसरी, आणि गुणांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत जड : आघात. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची दबलेली. फोटोग्राफ मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफी मध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिक मध्ये तिसऱ्यावर. त्यामुळे फोटोग्राफीचा उच्चार खरं तर ‘फटॉग्रफी’ च्या जवळ जातो. आघाताचं अक्षर ठळक छापायचं, दबलेलं लहान आकारात. आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हं फक्त बारा ध्वनींसाठी, एकाच पानावर. सगळं पुस्तक त्या चिन्हांत छापलं तर वाचक तिसऱ्या पानावर सोडून देईल.

१९ फेब्रुवारी. अक्षरजुळणी

सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळणी केली की मराठी, इंग्रजी आणि उच्चारचिन्हं एका ओळीत आल्यावर गोंधळ होतो, आणि नंतर रूपांतर करताना ‘र्‍य’, ‘र्‍ह’ असलेले शब्द आधी मोडतात. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र ऱ आणि हलन्त असा टाइप करायचा. अदृश्य जोडचिन्ह वापरून केलेला र काही प्रोग्राम साफसफाई करताना गिळतात आणि शोध घेताना दोन रूपं जुळत नाहीत.

पानं जुळवायच्या इनडिझाइन या प्रोग्राममध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावायची, नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. भाषा ‘मराठी’ निवडायची. काही फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं भाषा निवडल्याशिवाय येत नाहीत, हिंदी वळणं छापली जातात. मजकुराला मुक्ता हा फॉन्ट, उच्चारचिन्हांना कॅरिस एसआयएल. मुक्ताची इंग्रजी अक्षरं देवनागरीशी जुळतात, त्यामुळे आकार वेगळा लावावा लागत नाही.

२६ फेब्रुवारी. आवाज

छापील पुस्तक उच्चार ऐकवू शकत नाही, म्हणून ७५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण. दोन आवाज : एक मराठी मातृभाषेची, स्पष्ट इंग्रजी बोलणारी स्त्री, आणि एक वेगळ्या लकबीचा पुरुष. मराठी आवाज मुद्दाम पुढे ठेवला. वाचकाला आपण पोहोचू शकू असं उदाहरण ऐकायला मिळायला हवं.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. वाचकांसाठी ६४ केबीपीएस एमपीथ्री, म्हणजे सगळं मिळून ३६ एमबीच्या आसपास. मोबाईल डेटावर एवढं सोसतं. प्रत्येक वाक्यानंतर वाक्याच्या दीडपट शांतता, वाचकाने म्हणण्यासाठी. खोलीत गोधड्या टांगायच्या, पंखा आणि फ्रीज बंद, वेळ रात्री अकरानंतर. सकाळी कुकरच्या शिट्ट्या टाळता येत नाहीत.

आवाज देणाऱ्यांशी लेखी करार. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ : हस्तांतर लेखी लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबई किंवा टोरांटोतला मराठी वाचकही हे ऐकणार, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहायच्या.

ध्वनिमुद्रणाकडे नेणारा क्यूआर कोड स्वतःच्या डोमेनवरच्या लहान पत्त्याचा. फुकट सेवेचा दुवा बंद पडला तर छापलेल्या ५०० प्रती मुक्या होतात. बाजू किमान २ सेंटिमीटर, भोवती कोडातल्या चार चौकोनांएवढी पांढरी जागा, पानाच्या बाहेरच्या कडेला. शिवणीकडे पान वळतं आणि कोड वाचला जात नाही. खाली पत्ता अक्षरांतही.

५ मार्च. चाचणी वाचन

तयार झालेलं दुसऱ्या भागाचं प्रकरण काही वाचकांना दिलं. अडचण अपेक्षेपेक्षा साधी निघाली : लोक सराव मनात वाचतात. मनातल्या मनात सगळ्यांना सात बँड असतो.

बदल असे. पूर्ण कार्डावर बोलण्याचा सोडून प्रत्येक सराव दीड मिनिटाच्या आत संपणारा. सुरुवातीला सूचना एकच, ‘फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा’. शेवटी तारीख आणि सेकंद लिहायला दोन रिकाम्या ओळी. उत्तराची चर्चा पान उलटल्यावर, समोरच्या पानावर कधीही नाही. यासाठी काही पानं अर्धी रिकामी राहतील, राहू देत.

पहिल्या भागात उलटी चूक दिसली. साध्या प्रश्नाला मिनिटभर भाषण. तिथे दोन-तीन वाक्यं पुरेत : उत्तर, कारण, एखादा तपशील. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगण्याची तीन वाक्यं मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापायची.

१२ मार्च. पैसे

डेमी आकार, १९२ पानं. १६ पानांच्या फर्म्यात (एकत्र छापून घडी घालायचा कागद) बरोबर १२ फर्मे. १९५ झाली असती तर तेरावा फर्मा लागला असता. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो कागद, ३०० जीएसएम आर्टकार्डचं मुखपृष्ठ, मॅट लॅमिनेशन. ५०० प्रतींना आलेला दर प्रतीमागे ७८ रुपये. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, ध्वनिमुद्रण मिळून स्थिर खर्च ५२,००० रुपये. छापील पुस्तकावर जीएसटी नाही.

विक्रीला ४७० प्रती, बाकी ३० भेट, परीक्षण आणि ग्रंथालयांसाठी. वितरकाची सूट ४५ टक्के धरली. किंमत २५० ठेवली तर वितरकाकडून प्रतीमागे १३७.५० येतात, छपाई वजा जाता ५९.५०. थेट विक्रीत वेष्टनाचे १२ आणि पेमेंट शुल्काचे ५ रुपये वजा करून १५५, टपाल ग्राहकाकडे. २०० थेट आणि २७० वितरकामार्फत : ४७,०६५. भेट प्रतींचे २,३४० वजा केले तर ४४,७२५. म्हणजे सगळ्या प्रती विकूनही ७,२७५ रुपयांची खोट.

किंमत ३०० : पेमेंट शुल्क ६ होऊन थेट विक्रीत २०४, वितरकामार्फत ८७. एकूण ६४,२९०, भेट प्रती वजा ६१,९५०. शिल्लक ९,९५०. किंमत ३०० ठरली. दोनशे प्रती थेट विकल्या गेल्या नाहीत तर हे गणित कोसळतं, म्हणून मागणी नोंदवण्याचं पान छपाईच्या सहा आठवडे आधी सुरू करायचं.

१८ मार्च. आयएसबीएन आणि ग्रंथालयं

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक; त्यासाठी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर अर्ज. लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही अर्ज करू शकतो, शुल्क नाही. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक. क्रमांक येईपर्यंत मलपृष्ठ अंतिम करायचं नाही, बारकोडची जागा मात्र आत्ताच मोकळी.

ग्रंथ प्रदान कायदा १९५४ नुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने. या चार प्रती वरच्या ३० मध्ये धरल्या आहेत.

२६ मार्च. मुद्रितं

तीन वाचनं, तीन वेगळ्या कामांसाठी. पहिलं फक्त मराठी मजकुराचं. दुसरं फक्त इंग्रजी वाक्यांचं, मोठ्याने. तिसरं ध्वनिमुद्रण लावून : छापलेलं आणि बोललेलं शब्दशः जुळतं का. तिसऱ्या वाचनात अकरा जागी फरक निघाला. बोलताना आवाजाने ‘आय ॲम’ चं ‘आयम’ केलं होतं. ध्वनिमुद्रण तसंच ठेवलं, छापील मजकूर बदलला, कारण माणसं बोलतात तसंच पानावर दिसायला हवं.

कण्याची जाडी आकडेमोडीने न ठरवता मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी मागवली आहे. ती मोजूनच मुखपृष्ठाची फाइल जाईल. क्यूआर कोडांच्या पानांची झेरॉक्स काढून चार वेगवेगळ्या फोनवर तपासायची, जुना, कमी प्रतीच्या कॅमेऱ्याचा फोन त्यात हवाच. ३१ वं कार्ड आणि ९ वं कार्ड एकाच विषयाकडे झुकतात. ३१ वं पुन्हा रचायचं.